माचीवरच्या वाड्यांची पाहणी पायी चढून करा

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे सापडलीच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच नंतर सांगितले. म्हणून हे पत्र.

सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे. कठीण बेसॉल्टचे कडे टिकतात, मधले मऊ थर झिजतात आणि कड्याखाली, दरीच्या बऱ्याच वर, सपाटी तयार होते. तीच माची. डोंगरावरून आलेली माती इथे साठते, थरांच्या सांध्यातून झरे फुटतात, म्हणून भात, नाचणी, वरई पिकते आणि वाडी वसते. जुन्या माणसांनी जागा विचार करूनच निवडली होती. पण मागच्या उतारावर हीच सैल माती आणि दगडगोटे थरावर थर साचलेले असतात. पाऊस दिवसचे दिवस लागून राहिला की पाणी मुरते, खालच्या खडकावर अडते आणि वरचा थर सुटतो. माळीण, तळिये, इर्शाळवाडी, तिन्ही ठिकाणी दरड कोसळली तेव्हा जुलैच होता.

सरकारी कागदावर अशी वाडी खालच्या महसुली गावात मोजली जाते. पाऊसही महसूल मंडळाचा, म्हणजे अनेक गावांचा मिळून, मोजला जातो आणि डोंगरात चार कोसांवर पाऊस बदलतो. शिवाय रस्ता नाही. इर्शाळवाडीत बचावपथके चिखलातून पायवाटेने चढली, मोठी यंत्रे वर नेताच आली नाहीत.

मंत्रिमहोदय, या उन्हाळ्यात प्रत्येक माचीवर भूवैज्ञानिक आणि तलाठी पाठवा आणि वाडीतल्या जाणत्यांना सोबत घेऊन वरचा उतार पायी पाहा. जमिनीला भेग कुठे पडली, झऱ्याला गढूळ पाणी कधी आले, हे त्यांना आधी कळते. माचीवरच पर्जन्यमापक बसवा. ठरलेली पातळी ओलांडली की वरच्या आदेशाची वाट न पाहता वाडी खाली उतरवण्याचा अधिकार तिथल्याच माणसांना द्या.

पुनर्वसन करायचे तर जागा शेतापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवी. नाहीतर लावणीला माणसे पुन्हा माचीवर जाऊन राहतील, तेही नेमक्या धोक्याच्या दिवसांत. घरांचे आराखडे काढण्याआधी हे वाडीच्या बैठकीत बसून ठरवा आणि पाहणीच्या तारखा तालुकावार जाहीर करा.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक