आशाताई, तुम्ही माझा प्रश्नच बदललात

ताई, सप्रेम नमस्कार.

लातूरला आले तेव्हा माझ्याकडे संशोधनाची वीस पानी प्रश्नावली होती, मुलाखतीला माणूस मात्र मिळेना. गंजगोलाईच्या मागच्या गल्ल्यांत आठ दिवस दारं वाजवली. "घरून काम करणारं कुणी आहे का?" विचारलं की बायका म्हणायच्या, "नाही बाई, मी घरीच असते." लॅपटॉप घेऊन पुण्याहून परतलेली दोन मुलं तेवढी "हो" म्हणाली.

तुम्ही त्या वस्तीच्या आशा, म्हणजे आरोग्यसेवेच्या स्वयंसेविका. तुम्ही माझ्यासोबत आलात आणि पहिल्याच दारात आवाज दिलात, "काय गं, आज किती साड्या आल्या फॉलला?" आतून पिशवीच बाहेर आली. सोळा साड्या! बोलताना ती बाई सुई पदराला टोचून ठेवायची, पुन्हा काढायची. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकटीत साड्यांचा आकडा, पैसे हातात पडले त्या तारखेला गोल. एका महिन्यात गोल दोनच. माझ्या वीस पानांत जे मावलं नसतं ते त्या एका पानावर होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. ही बाई त्यात चपखल बसते, पण स्वतःला कामगार म्हणवत नाही. मग आमच्या यादीत ती येणार कुठून?

आणि ती येळवस, शेतात जाऊन पूजा करायची वेळ अमावस्या! मी संभाजीनगरची, मला काय ठाऊक? सकाळी पोचले तर अख्खी गल्ली कुलूपबंद. तुम्ही मला शेतात नेलंत. कडब्याच्या कोपीपाशी पूजा झाली, भज्जीची भाजी नि आंबील वाढलीत, पण वही काढू दिली नाहीत. "आज नुसतं जेवायचं." दिवस वाया गेला म्हणून मी मनातून चिडले होते, ताई, आज त्याची माफी मागते. पुढच्याच आठवड्यात पापड लाटणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या चौघींचा निरोप आला. मी त्यांच्या पंगतीला जेवले होते ना.

शहरात हजार ते अडीच हजार वस्तीमागे एक आशा. लसीकरण, बाळंतिणी, रात्री रजिस्टरं, आणि त्यातून तुम्ही माझ्यासाठी उन्हातान्हात फिरलात. रिक्षाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत.

कुणाचं नाव, कुणाची गल्ली प्रबंधात येणार नाही. दुकानदार काम बंद करील ही त्यांची धास्ती मी विसरलेले नाही. जमा करण्याआधी ज्यांची मुलाखत त्यांना वाचून दाखवायची, ही तुमची अटही लक्षात आहे. त्यासाठी येतेच आहे, दुपारी तीननंतर. तोवर साड्या पोचवून झालेल्या असतात.

तुमची,
संशोधनवाली पोरगी