मंत्रिमहोदय, एका माणसाच्या विमानाला वेगळा नियम द्या

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवतो. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षांपासून एक विमान उभे आहे. एकाच माणसाने बसायचे, अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे, पंखांवर डॅक्रॉनचे कापड. परदेशी आराखडा विकत घेऊन पोरांनी ते बांधले. ओळखीच्या जिनिंगवाल्याकडून तीन काटे आणून तिन्ही चाकांखाली ठेवले, आकड्यांची बेरीज केली. १२९ किलो. आराखड्यात ११५ लिहिले होते.

मग वजन काढायचा उद्योग सुरू झाला. आधी ब्रेक निघाले, मग बॅटरी आणि सेल्फ. एके दिवशी एक मुलगा फडक्यात बांधलेले बोल्ट घेऊन आला आणि म्हणाला, "सर, सहाच्या जागी पाचचे टाकले तर?" ते बारीक बोल्ट पंखाच्या मुळाशी बसणार होते. मी ते त्याच्या हातातून काढून घेतले आणि काम थांबवले.

हा ११५ किलोचा आकडा आला अमेरिकेच्या १९८२ च्या 'भाग १०३' या नियमातून. एकच आसन, रिकामे वजन २५४ पौंडांच्या आत, इंधन १९ लिटर, कमाल वेग ताशी १०२ किलोमीटर आणि स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटते तो वेग, ताशी ४४ च्या आत. एवढे पाळा, दिवसा उडा, दाट वस्तीवरून जाऊ नका. मग परवानाही नको आणि नोंदणीही नको. या आकड्यांनीच तिथली विमाने घडवली. स्टॉल कमी हवा म्हणून पंख मोठे, वजन कमी हवे म्हणून इंजिन टू-स्ट्रोक. पॅराशूटचे ११ किलो मात्र हिशेबातून वगळले, म्हणून वजनापायी ते टाळावे लागत नाही. जीव वाचवणाऱ्या वस्तूचे वजन मोजले असते, तर आमच्या ब्रेकसारखी तीही निघाली असती.

ब्रिटनने २०१४ मध्ये हे अधिक शहाणपणाने केले. एका आसनाच्या विमानाचे उड्डाणावेळचे एकूण वजन ३०० किलोंपर्यंत आणि स्टॉल ताशी सुमारे ६५ किलोमीटरपर्यंत असेल, तर आराखड्याला सरकारी मंजुरी लागत नाही. वैमानिकाचा परवाना मात्र लागतो. मला हा मार्ग पटतो. आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. उतरण्याचा वेग निम्मा केला तर तो जोर चौथाई होतो. म्हणून लगाम वेगावर आणि एकूण वजनावर हवा. रिकाम्या वजनाचा आकडा आवळला की पोरे बोल्ट बारीक करतात.

खान्देशात तर याला आणखी एक कारण आहे. आमच्या धावपट्ट्या समुद्रसपाटीपासून अडीचशे-तीनशे मीटरवर. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की विमानाला जणू १,४०० मीटर उंचीवरची विरळ हवा मिळते. धाव लांबते, चढ मंदावतो, टू-स्ट्रोक इंजिन तापून जाम होण्याची भीती वाढते. इथे चार किलो जड पण भरवशाचे फोर-स्ट्रोक इंजिन हवे, आणि ब्रेकही हवेत.

आपल्याकडे मायक्रोलाइटसाठी, म्हणजे एक-दोन जणांच्या हलक्या विमानांसाठी, नियम आहेत. पण एकट्याने बसायच्या यंत्रालाही 'व्हीटी'ने सुरू होणाऱ्या भारतीय क्रमांकाची नोंदणी, परवाना, वैद्यकीय तपासणी अशी सगळी वाट चालावी लागते. मी एका कार्यालयात चौकशीला गेलो, तर पहिला प्रश्न आला, "कंपनी कोणती?" कंपनी कुठली साहेब, बावीस पोरे आणि एक शेड. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. त्याची चाचणी उड्डाणे धुळ्यात झाली ती २०२० मध्ये. एवढी वर्षे कागदांमागे धावणे किती जणांना जमेल?

आणि हेच सरकार दुसरीकडे किती सोपे लिहू शकते! २०२१ च्या ड्रोन नियमांत वजनाप्रमाणे पायऱ्या आहेत. २५० ग्रॅमच्या ड्रोनला एक नियम, २५ किलोंच्या ड्रोनला दुसरा. आज आमच्या शिवारात ड्रोनने फवारणी होते. तशीच एक पायरी माणूस बसलेल्या हलक्या विमानासाठी करा. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे आणि विमानाचा आराखडाही आता कायद्याच्या कक्षेत आला आहे. नियम लिहायची वेळ हीच आहे.

सुरक्षेची काळजी मला मान्य आहे. नोंदणी ठेवा, परवाना ठेवा, उड्डाण ठरलेल्या धावपट्टीच्या आसपास आणि दिवसाच ठेवा. विमान तपासायला जाणकार अभियंता नेमा, त्याची फी आम्ही भरू. फक्त एका आसनाच्या आराखड्याला मोठ्या कारखान्याची मोजपट्टी लावू नका, आणि पॅराशूट व ब्रेक यांचे वजन मर्यादेतून वगळा.

पहिली तुकडी पास होऊन गेली. नवी पोरे शेडमध्ये आली की पंखावरची धूळ पुसतात आणि विचारतात, "सर, हाई इमान कव्हय उडी?" आपण धुळ्याला या, सकाळी सहाला, वारा सुटायच्या आत. विमान बाहेर काढून ठेवतो. बोल्ट सहाचेच आहेत, आणि ब्रेक पुन्हा बसवले आहेत.

आपला,
वर्कशॉपचा एक शिक्षक, धुळे जिल्हा