चिखलात गुडघे टेकणाऱ्या फादरांना

आदरणीय फादर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभाला मी आले होते. हार, शाली, भाषणं, गायनमंडळाची तीन-तीन गाणी, या गडबडीत तुमच्याजवळ पोचायलाच मिळालं नाही. पोचले असते तरी नुसती रडले असते. म्हणून आता लिहिते, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहिते. आमच्या घरात जे झालं ते वसईतल्या कितीतरी घरांत पूर्वी होऊन गेलंय. फक्त कुणी त्यावर बोलत नाही.

आमची मुलगी नवव्या महिन्यात पोटातच गेली. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही, ते तुम्हाला माहीत आहे. लिहायचंय ते त्यानंतरच्या दिवसाबद्दल. सांत्वनाला आलेल्या आतेसासूबाई माझ्या उशाशी बसून म्हणाल्या, "नर्सने तरी डोक्यावर पाणी ओतायचं होतं गं. आता कुठे जाणार ते लेकरू?" ओळखीच्या एका फादरांना माझ्या नवऱ्याने मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, "बाप्तिस्मा नाही, मग मिस्सा कशाची?" वर त्यांनी सल्लाही दिला, की संध्याकाळी गर्दी नसताना उरकून घ्या. उरकून! हा शब्द आम्ही भांडी घासण्यासाठी वापरतो, फादर. आणि दफनभूमीत खड्डा खणणाऱ्याला घरातल्याच मोठ्यांनी परस्पर सांगून ठेवलं होतं, की मागच्या भिंतीजवळचा कोपरा बघ. तिथे कुणाचा क्रूस नाही. गवत आणि जुन्या फुलांचा कचरा.

मग तुम्ही आलात. परवानगी कुणाची लागते, ती तुम्ही कशी आणलीत, हे मला आजही माहीत नाही. मी फक्त ऐकलं, की माझ्या सासऱ्यांच्या कबरीशेजारी खणायला तुम्ही सांगितलंत.

जुलै होता. पाऊस धरून होता. पांढरी पेटी इतकी लहान, की खणणारा ती एका हाताने खाली ठेवायला निघाला होता. त्याची चूक नव्हती, वजनच नव्हतं. तुम्ही त्याला थांबवलंत, प्रार्थनेचं पुस्तक माझ्या दिराच्या हातात दिलंत आणि त्या पांढऱ्या झग्यासकट चिखलात गुडघे टेकलेत. पेटी दोन्ही हातांत घेतलीत आणि पार खाली वाकून ठेवलीत. उठताना तुम्हाला आधार घ्यावा लागला. झग्यावर गुडघ्यापासून खाली लाल माती होती, बाहीलाही लागली होती. ती न झटकता तुम्ही पुस्तक परत घेतलंत आणि राहिलेली प्रार्थना पूर्ण केलीत, एक ओळही न गाळता, मोठ्या माणसाच्या वेळी म्हणता तशी सावकाश. मला त्या दिवसातलं दुसरं फारसं काही आठवत नाही. हे सगळं आठवतं.

नंतर तुम्ही घरी आलात तेव्हा आतेसासूबाईंनी लिंबोचा, म्हणजे बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं म्हणे जिथे जातात त्या जागेचा, विषय काढलाच. मला वाटलं, आता तुम्ही गोड बोलून वेळ मारून न्याल. तुम्ही तसं केलं नाहीत. ही भीती कुठून आली ते सांगितलंत. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं नरकातच जातात, फक्त त्यांची शिक्षा सगळ्यांत सौम्य असते, असं संत ऑगस्टीन म्हणून गेले. पुढे मध्ययुगातल्या पंडितांनाच ते पटेना, तेव्हा लिंबोची कल्पना पुढे आली. तिथे यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही. तो चर्चचा श्रद्धासिद्धांत कधीच नव्हता. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात लिंबोचा उल्लेखही नाही. अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवावं आणि त्यांच्या तारणाची आशा धरावी, एवढंच आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने या एकाच प्रश्नावर अख्खा दस्तऐवज काढला. म्हणजे मी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात जे घाबरून ऐकलं, ते तेव्हाच जुनं झालेलं होतं! आम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

आतेसासूबाई हट्टी. त्यांनी विचारलं, "मग काय सगळेच तरणार? नरक काय उगाच आहे?" तुमचं त्यावरचं उत्तर मला कळायला वेळ लागला. तुम्ही म्हणालात, सगळे नक्की तरणार असं चर्च शिकवत नाही आणि मीही शिकवणार नाही. माणूस देवाला शेवटपर्यंत नाही म्हणू शकतो. पण चर्चने इतक्या जणांना संत म्हणून जाहीर केलं, अमका माणूस नरकात आहे असं मात्र आजवर एकाही माणसाबद्दल जाहीर केलेलं नाही. शेवटी सगळं देवाकडेच परत येणार, असं तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मपंडिताच्या नावावर चालणाऱ्या मताचा पुढे सहाव्या शतकात धिक्कार झाला. त्याच आशेने लिहिणारे निस्साचे बिशप ग्रेगरी मात्र संतच राहिले. (हे ऐकून माझा नवरा त्या दिवसांत पहिल्यांदा हसला, हेही तुम्हाला कळायला हवं.)

आणि मग तुम्ही आतेसासूबाईंनाच विचारलंत, "बाई, तुम्ही रोज संध्याकाळी जपमाळ म्हणता ना? दर दहा मण्यांनंतर काय मागता?" त्या गप्प. कारण पोर्तुगालमधल्या फातिमा गावी मारियामातेने शिकवली असं आपण मानतो त्या प्रार्थनेत आपण येशूकडे मागतो ते हेच, की सर्व आत्म्यांना स्वर्गात ने, ज्यांना तुझ्या दयेची जास्त गरज आहे त्यांना तर नेच. सर्व. एका जपमाळेत पाच वेळा. तुम्ही म्हणालात, जे मिळूच शकत नाही ते मागायला मारियामाता आपल्याला कशाला शिकवेल?

पोप फ्रान्सिस जानेवारी २०२४ मध्ये इटलीतल्या टीव्हीवर म्हणाले होते, नरक रिकामा असावा असं मला वाटायला आवडतं. आणि हा सिद्धांत नाही, माझं स्वतःचं मत आहे, हेही त्यांनी सांगितलं होतं. त्यावर केवढी ओरड झाली. मला त्या ओरडणाऱ्यांचं नवल वाटतं. नरक भरलेला असलाच पाहिजे, हा आग्रह माणसाला का असावा? तुमच्यासारखी माणसं नियम मोडत नाहीत. नियमात जेवढी जागा आहे तेवढी दुसऱ्याला काढून देतात, आणि त्यासाठी आधी नियम नीट वाचतात. ज्यांना दुसऱ्याला बाहेरच ठेवायचं असतं त्यांनी तो बहुधा वाचलेलाच नसतो. अशी माणसं आपल्या बँकेत भेटतात, शाळेत भेटतात, आणि आपल्याच चर्चच्या बाकांवर तर फारच.

एक कबूल करते. सर्वांसाठी आशा धरायची म्हटलं तर ती फोनवरच्या त्या फादरांसाठीही धरावी लागते. धरते. पण दहावा मणी आला की दर वेळी जरा वेळ लागतो, तेवढं समजून घ्या.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. तुम्ही गेल्यावर सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, जेमतेम काही घटका जगलेला. पावसामुळे फादर पोचले नाहीत. तोही त्याच भिंतीजवळ आहे, संध्याकाळी, कुणी नसताना ठेवलेला. सासऱ्यांनी त्यानंतर विषय काढला नाही आणि सासूबाईंनी काढू दिला नाही. आजवर त्या दर नोव्हेंबरात सासऱ्यांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायच्या आणि एक मेणबत्ती पिशवीत उरवून घरी आणायच्या. भिंतीकडे जायची हिंमत व्हायची नाही, लोक बघतील म्हणून. माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं.

त्यांना तुमच्याकडून त्या जागेवर प्रार्थना हवी आहे. स्वतः विचारणार नाहीत, तुम्हाला माहीतच आहे त्यांचा स्वभाव. नवे फादर चांगले आहेत, तेही करतील. पण सासूबाई म्हणतात, "त्या चिखलवाल्या फादरांना बोलाव." दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तुम्हाला तुमच्याच गावात कामं असणार, त्यामुळे त्या आठवड्यात कुठलाही दिवस चालेल. सकाळी आलात तर बरं, दुपारी बस मिळायला त्रास होतो. यांना वसई स्टेशनवर गाडी घेऊन पाठवते. आणि जेवूनच जायचं आहे. बोंबील आणि तांदळाच्या भाकऱ्या सासूबाई स्वतः करणार आहेत, मला हात लावू देणार नाहीत.

तुमची,
वसईच्या जुन्या धर्मग्रामातली एक आई