मामा, तुम्ही मला गोल्फ बघायला शिकवलंत

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या दिवशी मी पुण्यात नव्हते. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर बघितले. शाल, नारळ, आणि सेक्रेटरींचं नेहमीप्रमाणे लांबलेलं भाषण. त्यात तुमचा प्रामाणिकपणा आला, टँकरच्या दिवसांतली तुमची धावपळ आली, लॉकडाउनमध्ये तुम्ही घरोघरी पोचवलेल्या पिशव्या आल्या. गोल्फ तेवढं आलं नाही. येणार कुठून? आपल्या गेटवर वॉचमन म्हणून बसायच्या आधी तुम्ही उमेदीची सगळी वर्षं येरवड्याच्या गोल्फच्या मैदानावर लोकांच्या बॅगा खांद्यावर घेऊन काढलीत, हे आपल्या तिन्ही विंगांत कितीजणांना माहीत असेल? मला तुमच्याकडून जे मिळालं ते मात्र तिथलंच आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

7 ऑगस्ट 2021, शनिवार. टोकियो ऑलिंपिक संपत आलं होतं. हॉकीचं पदक येऊन दोन दिवस झाले होते आणि देशाला एकाएकी कळलं होतं की गोल्फमध्ये अदिती अशोक नावाची बंगळुरूची मुलगी तीन दिवस खेळून दुसऱ्या नंबरवर आहे. आदल्या रात्री माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर ‘बर्डी म्हणजे काय’ यावर चाळीसेक मेसेज पडले होते (होलला ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, एक कमी लागला की बर्डी). घरात टीव्ही लावला असता तर सगळे उठले असते, म्हणून मी फोन घेऊन खाली आले, तर केबिनमध्ये तुम्ही आधीच तोच सामना लावून बसलेले. मी विचारलं, ‘मामा, तुम्हाला यातलं कळतं?’ तुम्ही नुसतं हसलात आणि खुर्ची पुढे सरकवलीत.

त्या पहाटे तुम्ही सांगितलेली पहिली गोष्ट मी अजून वापरते. ‘ताई, बॉल कुठं गेला ते सगळेच बघतात. पुढच्या बॉलला ती हातात काय घेते ते बघा.’ मग मी बघू लागले. अमेरिकेची नेली कोर्डा पहिल्याच फटक्यात बॉल लांब टाकायची, आणि दुसऱ्या फटक्याला तिच्या हातात आखूड आयर्न असायचं, म्हणजे जवळच्या, नेमक्या फटक्याचा क्लब. अदितीचा बॉल तिच्या बराच मागे. तिला तेवढंच ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, गाठायला लांब दांड्याचा, लांबच्या फटक्याचा हायब्रिड नाहीतर फेअरवे वूड काढावा लागायचा. लांबचा क्लब म्हणजे बॉल ग्रीनवर उतरून पुढे पळणार, हवा तिथे थांबेलच याची खात्री नाही. म्हणजे जवळजवळ प्रत्येक होलवर ती अवघड बाजूने सुरुवात करत होती. त्यातून त्याच उन्हाळ्यात तिला कोविड होऊन गेला होता आणि फटक्यातली ताकद आणखी उतरली होती, हेही तुम्हीच सांगितलंत. हे सगळं कळेपर्यंत माझ्या डोळ्यांना तो खेळ म्हणजे हिरवळीवरून चालणाऱ्या बायका एवढाच होता.

आणि मग ग्रीन. तिथे मात्र ती राणी. त्या स्पर्धेत साठ जणी होत्या, आणि पटिंगमध्ये, म्हणजे ग्रीनवरून बॉल होलमध्ये ढकलण्यात, त्या सगळ्यांत अदिती पहिली होती. ती खाली बसून उतार बघायची, पलीकडे जाऊन पुन्हा बघायची, तेव्हा तुमचा हात आपोआप हवेत वळायचा, डावीकडून एक कप, म्हणजे होलच्या तोंडाएवढं अंतर, उजवीकडून दोन. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर उतार दिसणार तो काय! पण तुम्ही म्हणायचात तिकडेच बॉल वळायचा. हिशेब लिहिण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेलीत. आकड्यांचा ताळा जमवणारं माणूस मी लगेच ओळखते. तसं काहीतरी मला त्या मुलीत दिसलं, आणि खरं सांगायचं तर तुमच्यातही.

तिची बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती, यावर समालोचक गहिवरून बोलत होते. तुम्ही गहिवरला नाहीत. तुमचं लक्ष माउली बॅग कशी ठेवते, क्लब कधी पुसते, बोलते कधी आणि गप्प कधी राहते याकडे होतं. रिओला, 2016 मध्ये, हेच काम वडिलांनी केलं होतं. त्या वेळी ती अठरा वर्षांची, बायकांच्या स्पर्धेत सगळ्यांत लहान. पहिल्या दोन दिवशी 68 आणि 68 फटके (जितके कमी तितकं चांगलं), म्हणजे पहिल्या दहांत. नंतर 79 आणि 76, आणि शेवटी एक्केचाळिसावी. ‘बापाला त्या दोन दिवसांत काय झालं असेल,’ असं म्हणून तुम्ही थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. कॅडी म्हणजे सामान उचलणारा माणूस असं मला तोवर वाटायचं. वाईट दिवशी खेळाडूच्या शेजारून चालायचं असतं, तोंडावर काही दिसू द्यायचं नसतं आणि अंतराचा, यार्डांचा आकडा मात्र बरोबर सांगायचा असतो, हे तुमच्यामुळे कळलं.

शेवट आपण दोघांनी उभ्यानेच बघितला. मध्ये वादळाने खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला. अदितीचा अठराव्या होलवरचा बर्डीचा पट थोडक्यात हुकला. कोर्डा सतरा अंडर, म्हणजे चार दिवसांत पारपेक्षा सतरा फटके कमी, जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को सोळा, अदिती पंधरा. एका फटक्याने चौथी. संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्याने सुवर्ण आणलं आणि सकाळचं गोल्फ लोक विसरूनही गेले. ज्यांनी आठवण ठेवली त्यांनी ‘पदक हुकलं’ असं लिहिलं. तुमचं म्हणणं वेगळं होतं: जगात दोनशेव्या नंबरवरची मुलगी छप्पन्न जणींना मागे टाकून आली, आणि 67, 66, 68, 68 अशी चार कार्डं तिने ऑलिंपिकमध्ये लावली, एकही दिवस सत्तरच्या घरात नाही. मला ते जास्त पटलं. अजून पटतं.

पण मामा, मी आभार मानतेय ते त्या एका पहाटेचे नाहीत. त्यानंतर रात्री कामावरून उशिरा आले की गेटवर तुम्ही अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे चालू करायचात, त्या सगळ्या रात्रींचे आहेत. घरात कोणी गोल्फ खेळत नसताना, बंगळुरूच्या गोल्फ मैदानाजवळ नाश्त्याला जायची सवय असलेल्या कुटुंबातली पाच वर्षांची मुलगी हातात पटर धरते काय, तेराव्या वर्षी देशातल्या व्यावसायिक बायकांना हरवते काय! तुम्ही हे सांगताना गोष्टीसारखं सांगायचात, पण पैशाचा भाग आला की एकदम रोखठोक व्हायचात. मला तोच भाग आवडायचा. क्रिकेटवाल्याला मॅच फी ठरलेली असते. इथे बाईने विमानाचं तिकीट स्वतः काढायचं, हॉटेल स्वतः बघायचं, कॅडीचे आठवड्याचे पैसे द्यायचे, गुरुवारी-शुक्रवारी खेळायचं, आणि दोन दिवसांनी कट चुकला, म्हणजे पुढच्या दोन दिवसांसाठी निवड झाली नाही, तर बहुतेक ठिकाणी हातात शून्य. जिंकली तर साधारण दहा टक्के कॅडीचे. वर्षभर असं करूनही यादीत खाली घसरली तर पुढच्या वर्षीचं कार्डच, म्हणजे टूरवरच्या स्पर्धांत खेळायचा हक्कच, जायची भीती. उत्पन्नाची बाजू अशी आणि खर्चाची तशी असलेला पक्षकार माझ्या टेबलावर आला असता तर मी त्याला दुसरा धंदा बघायला सांगितलं असतं.

अदितीने 2015 च्या डिसेंबरात मोरोक्कोतल्या पात्रता स्पर्धेत पहिली येऊन युरोपच्या टूरचं कार्ड मिळवलं आणि नव्या वर्षाला व्यावसायिक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गुरुग्राममध्ये इंडियन ओपन एका फटक्याने जिंकली. युरोपियन टूरची स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय बाई. दोनच आठवड्यांनी कतार. वर्षअखेर युरोपच्या टूरवरच्या नव्या खेळाडूंमध्ये सर्वोत्तम, आणि पुढच्या वर्षी एलपीजीए, म्हणजे अमेरिकेची बायकांची व्यावसायिक टूर. तिच्या आधी तिथे कोलकात्याच्या सिमी मेहरा खेळून आल्या होत्या, विसाव्या शतकातच. हे नाव मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. आपल्याकडे पहिलीचा उदोउदो होतो तोही पदक आलं तरच. टोकियोच्याच पुरुषांच्या स्पर्धेत आपल्या पुण्याचा उदयन माने खेळला, तेही पुण्यात कितीजणांना ठाऊक होतं? तुम्हाला होतं.

2023 चा ऑक्टोबर आठवतो का? हांगझोउची आशियाई स्पर्धा. तिसऱ्या दिवशी तिने 61 मारले आणि सात फटक्यांची आघाडी घेतली. मी रविवारी पेढे आणायच्या तयारीत होते. तुम्ही म्हणालात, ‘आधी खेळू द्या.’ चौथ्या दिवशी 77. थायलंडची अर्पिचाया युबोल पुढे निघून गेली, अदितीला रौप्य. आशियाई स्पर्धेत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय गोल्फपटू बाई, तरी चेहरे पडले होते. मी चिडले होते. तुम्ही शांत होतात. ‘आघाडीवर असलं ना, की शेवटच्या दिवशी बॅगचं वजन वाढतं’ एवढंच म्हणालात. त्यावर मी वाद घातला होता, कारण त्याच फेब्रुवारीत केनियात ती नऊ फटक्यांनी जिंकली होती. तेव्हा कुठे गेलं होतं वजन? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. नोव्हेंबरात तिने स्पेनमध्ये आणखी एक स्पर्धा जिंकली, तेव्हा माझ्या आधी तुम्हाला कळलं होतं.

आता तुम्ही गावी गेल्यानंतरचं. पॅरिसला, 2024 मध्ये, अदिती तिसरं ऑलिंपिक खेळली आणि संयुक्त एकोणतिसावी आली. आपली दुसरी खेळाडू दीक्षा डागर संयुक्त एकोणपन्नासावी. सुवर्ण गेलं तुमच्या लाडक्या लिडिया कोला. रिओत रौप्य, टोकियोत कांस्य आणि आता हे. आपल्याकडे एका ओळीची बातमी. मी मात्र पहिल्या दिवसापासून बघत होते, आवाज बंद करून, हातात कोणता क्लब आहे तेवढंच बघत.

आणि लेकीबद्दल. पार्किंगमध्ये तिला तुम्ही त्या जुन्या सेव्हन आयर्न क्लबवर ग्रिप, म्हणजे पकड, शिकवलीत, वर्माकाकांच्या गाडीपासून लांब उभं करून. ती गोल्फपटू झालेली नाही आणि होणारही नाही. तिचं मन आर्किटेक्चरमध्ये आहे. पण सुट्टीत मैत्रिणींना घेऊन ड्रायव्हिंग रेंजवर जाते, आणि तिथल्या मुलांनी ‘जोरात मारा’ म्हटलं की ‘माझ्या मामांनी जोरात मारायला सांगितलेलं नाही’ असं ऐकवते. तो क्लब परत द्यायचा विषय काढला तर ऐकूच येत नाही तिला.

एका गोष्टीवर मात्र आपलं अजून जमलेलं नाही. पार पाचच्या, म्हणजे पाच फटके ठरलेल्या लांब होलवर अदितीने दुसऱ्या फटक्यात ग्रीनच्या मागे लागू नये, बॉल शंभर यार्डांवर आणून ठेवावा आणि वेजने, म्हणजे जवळून बॉल उंच उचलणाऱ्या क्लबने, काम करावं, हा तुमचा हट्ट. माझं म्हणणं, पटर तिच्याइतका चालत असेल तर लांबून दोन पटही परवडतात. जाऊ दे तिला ग्रीनकडे. आकडेमोड करून ठेवलीय. रविवारी संध्याकाळी फोन करते, रेंज मिळेल अशा जागी बसा.

तुमची,
बी विंगमधली ताई