वाडीत उजेड आणणाऱ्या वायरमनदादांना

वायरमनदादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ‘निसर्ग’ वादळानंतर घाटावरून दिवेआगरला आलेल्या महावितरणच्या टोळीतले तुम्ही, वाचलंत तर ओळखालच.

३ जून २०२० च्या दुपारी वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. पोफळ उंच, खोड सडपातळ, वाढलेली माडाच्या सावलीत; माड कोसळले ते पोफळी घेऊनच. मिरवेली, जायफळं, सगळं आडवं. सासऱ्यांनी आयुष्यभर जपलेली बाग एका दुपारीत गेली. ते ओट्यावर बसून राहिले, बोलेनात.

मग काळोख. फोन बंद, पंप बंद, विहिरीत झावळ्या, आणि वर कोरोना. परक्या माणसाला घरात घ्यायला लोक घाबरत होते, तेव्हा तुम्ही स्वतःचं घर सोडून आमच्याकडे आलात. वाडीच्या अरुंद वाटेत गाडी शिरत नव्हती. सिमेंटचे पोल तुम्ही भर पावसात खांद्यावरून आत आणलेत, जांभ्यात पहारीने खड्डे मारलेत. वीज काय, आज ना उद्या आलीच असती. हे पत्र त्यासाठी नाही.

आमच्या कुंपणाशी एक पोफळ वाचली होती, पण लायनीच्या जागेवरच कलली होती. कोयता तुमच्या हातात होता. एवढ्या पडझडीत एक झाड तोडलं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं. तुम्ही ओट्याशी आलात आणि सासऱ्यांना विचारलंत, “आजोबा, ही ठेवायची का?” ते उठले. वादळानंतर पहिल्यांदाच स्वतःहून बागेत उतरले. तुम्ही दोघांनी दोर लावून ती पोफळ ओढली, शेजारच्या माडाला बांधली, आणि मगच तार ताणलीत. सगळ्यांनी आमचं नुकसान मोजलं होतं, दादा. उरलेल्या झाडाबद्दल विचारणारे तुम्ही पहिले.

त्याच पोफळीच्या रोठा सुपारीची रोपं सासऱ्यांनी पुढच्या वर्षी लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात हे त्यांना माहीत होतं, तरी रोज शिंपणं त्यांनीच केलं. रोपं आता माझ्या डोक्यावर गेलीत.

दिवाळीनंतर वहिनींना, मुलांना घेऊन या. राहायचं आमच्याकडेच. तेव्हा तुम्ही अंगणात लांब बसून जेवलात. आता माजघरात पान वाढायचंय, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं.

तुमची,
दिवेआगरची बहीण