पेमेंट पहिल्या मॅचनंतर : क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ घेतोय, क्षमस्व. बालेवाडीजवळ माझं स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. परवा फोन आला : "काका, नवीन लीग येतीये, पुण्याची टीम आहे. दोनशे झेंडे लागतील. पेमेंट पहिल्या मॅचनंतर."

साहेब, हे वाक्य मला पाठ आहे.

बालेवाडीचं स्टेडियम सरकारनं 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं. अकरा-बारा हजार खुर्च्या असतील, कमी-जास्त तुमच्या खात्यानं मोजून घ्याव्यात. 2014-15 मध्ये या एकाच मैदानाला तीन-तीन फुटबॉल संघ आपलं घर म्हणत होते : पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी. भारत एफसी एका मोसमात आटोपला. 2012-13 च्या आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी 2015 मध्ये मैदानावरून उठला. सिटीनं तर फ्रान्सचा विश्वविजेता फुटबॉलपटू ट्रेझेगे आणला होता, आमच्या बालेवाडीत! 2019 मध्ये तो क्लबही संपला, आयएसएल या फुटबॉल लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली, आणि 2022 मध्ये हैदराबादनं ती लीग जिंकली. आम्ही टीव्हीवर टाळ्या वाजवल्या.

गहुंज्याच्या क्रिकेट स्टेडियमचं तेच. 2016 मध्ये दुष्काळामुळे पुण्याच्या आयपीएल संघाचे, सुपरजायंट्सचे, उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला हलले. पाण्याचा प्रश्न होता, तक्रार नाही. पण 2017 ला त्यांनी नावातला शेवटचा 'स' काढला आणि माझी तयार स्क्रीन भंगारात गेली. त्या एका 'स'चे पैसे कुणाकडे मागू? फायनल एका रननं हरलो, तीही हैदराबादेत. कबड्डीतली पुणेरी पलटण टिकली, 2024 मध्ये प्रो कबड्डी लीग जिंकली, मान्य. कुठे जिंकली? हैदराबादेत. आता बोला.

माझं दुखणं सांगतो. एका क्लबच्या नावानं आलेल्या मधल्या माणसानं मफलर आणि झेंडे छापून घेतले. क्लबचं नाव घेत नाही, घेऊन कुणाला लाज वाटणार आहे? बिल 46,500. मॅच झाली, मोसम झाला, क्लबही संपला, त्याचा फोन अजून 'स्विच ऑफ'. चौकीत म्हणाले, "दिवाणी मॅटर आहे, वकील बघा." वकिलाची फी ऐकून मी चहा पिऊन परत आलो. त्या वर्षी पोराच्या कॉलेजची फी मेहुण्याकडून उसनी घेतली. मेहुणा ते दर दिवाळीला आठवण करून देतो, न चुकता. जांभळी शाई अजून डब्यात आहे, वाळून दगड झालीय. बायको म्हणते, फेका. हात होत नाही.

मागणं साधं आहे. सरकारी मैदान संघाला द्याल तेव्हा किमान पाच वर्षांचा करार आणि भरभक्कम अनामत घ्या. संघ गाशा गुंडाळून निघाला, तर त्यातून आधी सीझन तिकीटवाले, माळी आणि आमच्यासारखे छपाईवाले फेडा. मी साधी टपरी भाड्यानं घ्यायला गेलो तरी मालक अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आणि डिपॉझिट मागतो. संघवाल्या शेठजींना मात्र नुसता गुच्छ!

आणि 2036 चं ऑलिंपिक म्हणे आपण भरवणार. जरूर भरवा. आमच्या गल्लीतली पोरं दोन गाड्यांच्या मधल्या जागेत फुटबॉल खेळतात, गोलपोस्ट म्हणून चपला ठेवतात. गाडीवाला आला की गोल उचलावा लागतो. मतं मागायला सगळे पक्ष याच गल्लीत येतात. त्यांचेही झेंडे मीच छापतो. साहेब, तिथंही पेमेंट निकालानंतरच असतं, आणि हरलेला उमेदवार त्या मधल्या माणसासारखाच सापडत नाही.

तो फोनवाला सोमवारी दुकानात येणार आहे. बिल आपल्या कार्यालयाच्या नावे करू का, तेवढं त्याआधी कळवावं.

आपला,
एक छपाईवाला, बाणेर