एक कोटीवाला तळाला कसा गेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालमत्ता कराच्या थकबाकीदारांची यादी परवा तुमच्या पेपरात आली. वर लिहिलंय 'मोठे थकबाकीदार आधी' आणि पहिल्या नंबरावर ९,८५,००० वाला, मग ८,४०,०००, मग १२,४०,००० आणि ज्याची बाकी १,०५,००,००० आहे तो पार तळाला. आमच्या कट्ट्यावर लगेच सुरू झालं की सेटिंग आहे, मुद्दाम खाली दडवलाय वगैरे. असेलही, पण मी डेटाबेसचंच काम करतो आणि मला तरी हा क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसमधून यादी काढायच्या आज्ञेचा घोळ दिसतोय.

मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये रकमेला फॉरमॅट फंक्शन लावलं की स्वल्पविराम छान पडतात पण तो मग आकडा राहत नाही, टेक्स्ट होतो, आणि टेक्स्ट सॉर्ट होतं ते डावीकडून एकेक अक्षर बघून, म्हणून ९ ने सुरू होणारा वर आणि १ वाले सगळे खाली. त्यात फॉरमॅट केलेल्या कॉलमला मूळ कॉलमचंच नाव दिलेलं असलं की ऑर्डर बाय (क्रम लावायची आज्ञा) गुपचूप तो टेक्स्टवालाच उचलतो, नवीन पोरं इथे हमखास फसतात. बेरीज तर विचारूच नका, वरच्या चार फॉरमॅट केलेल्या रकमांची बेरीज मायएसक्यूएल ३० दाखवेल! पहिला स्वल्पविराम आला की तो वाचायचाच थांबतो, ९, ८, १२ आणि १ एवढंच धरतो, एररसुद्धा देत नाही, फार तर वॉर्निंग, आणि ती कोण बघतंय.

उपाय साधा आहे, सॉर्ट आणि बेरीज मूळ आकड्यावर करायची, फॉरमॅट फक्त दाखवताना आणि वेगळ्या नावाने. लाख-कोटीचे स्वल्पविराम हवे असतील तर फॉरमॅटला तिसरा पॅरामीटर 'en_IN' (भारतीय पद्धत) द्यायचा, नाहीतर १०,५००,००० असं अमेरिकन थाटाचं येतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये टू-चार (to_char) या तशाच फंक्शनला आकड्याचा पॅटर्न द्यावा लागतो, तो रकमेपेक्षा आखूड पडला की आकड्याच्या जागी नुसते ##### छापून येतात, तेही पेपरात बघायला मिळेल कधीतरी :)

तुम्ही एक करा, कर ऑफिसकडून पीडीएफ न घेता बिनस्वल्पविरामाच्या रकमांची सीएसव्ही (साधी डेटा फाइल) मागा आणि यादी नीट लावून परत छापा. तेवढ्यात खालची 'एकूण' पण तपासून घ्या.

आपला नेहमीचा वाचक